रेशनच्या दिवसांतला हिंवाळा

महाराष्ट्रांतील जुन्या घरांत हिंवाळ्याची ओळख थंडीपेक्षां भरलेल्या कणगीवरून पटे. खरिपाचें पीक हातीं आलेलें असे. बाजरी आणि तांदूळ घरांत येऊन पडलेले असत, गुऱ्हाळावरून नवा गूळ उतरूं लागलेला असे, आणि वांगीं, पावटे, गाजरें, हिरवा हरभरा हीं इतकीं उदंड होत कीं त्यांचा भाव विचारण्याची गरज पडूं नये. ज्या घरांत रोकड वर्षांतून दोनचार वेळांच दिसे, त्या घरालाही कार्तिकापासून माघापर्यंत सुबत्तेचा भास होई.

ह्या घरांतील काटकसर पैशाची नव्हती, ऋतूची होती. जी वस्तु ज्या महिन्यांत स्वस्त, ती त्या महिन्यांत घ्यावयाची. ऊन द्यावयाचें, चाळावयाची, पाखडावयाची. डाळींना एरंडेलाचा हात लावावयाचा, धान्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावयाचा, आणि पुढच्या सुगीपर्यंत तिच्यावर निभावून न्यावयाचें. सोलापुराकडे ज्वारी पेवांत उतरे, कोंकणांत भात कणगींत राही. शहरांत नोकरीसाठीं आलेल्या पांढरपेशा कुटुंबांनींही हीच रीत आपल्याबरोबर आणली. गिरगांवांत किंवा दादरला दीड खोलीचें बिऱ्हाड असलें तरी पोटमाळ्यावर आणि पलंगाखालीं पत्र्याचे डबे रांगेनें मांडलेले असत, आणि मार्गशीर्ष-पौषांत ते भरले जात. ह्याला बेगमी म्हणत. जी गृहिणी बेगमी करी ती दक्ष. जी महिन्याचें महिन्याला वाण्याकडून आणी ती उधळी, असा शेजारपाजारचा साधा निवाडा होता.

१९४३ च्या मे महिन्यांत मुंबई शहरांत धान्याचें रेशनिंग सुरू झालें, आणि कित्येक पिढ्यांनीं जपलेली ही विद्या एकाएकीं निरुपयोगी ठरली.

त्याचें मूळ कारण मुंबईपासून फार दूर होतें. १९४२ च्या पूर्वार्धांत जपानी सैन्यानें ब्रह्मदेश घेतला. मुंबई आणि कोंकणचा किनारा वर्षानुवर्षें रंगूनच्या तांदळाला सरावलेला होता. तो तांदूळ बंद झाला. घरोघरच्या चिमण्यांत आणि कंदिलांत जळणाऱ्या घासलेटाचाही मोठा वांटा ब्रह्मदेशांतील विहिरींतून येई; माघार घेतांना इंग्रजांनीं त्या विहिरी स्वतःच्या हातांनीं नासून टाकल्या. एका पराभवानें ताटांतला भात आणि भिंतीवरचा दिवा हीं दोन्ही एकदम उणीं झालीं. कापड लष्कराकडे वळलें. तांबें इतकें दुर्मिळ झालें कीं १९४३ मध्यें सरकारनें मधोमध भोंक असलेला पैसा पाडला, आणि बाजारांतल्या सुट्या नाण्यांची चणचण तर त्याहूनही आधींची होती.

त्याच वर्षीं बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. मुंबईच्या रेशनिंगविषयीं बोलतांना ही गोष्ट विसरतां येत नाहीं. कलकत्त्यांत पूर्ण रेशनिंग सुरू व्हावयास १९४४ साल उजाडलें. तोंवर तेथील रस्त्यांवर खेड्यांतून आलेलीं भुकेलीं माणसें पडून राहिलीं होतीं. मुंबईच्या बाईनें रांगेंत उभें राहून रेशनला कितीही नांवें ठेवलीं असलीं, तरी त्या रांगेच्या शेवटीं कांहींतरी पिशवींत पडत होतें. हें श्रेय त्या व्यवस्थेला दिलेंच पाहिजे.

पण त्या व्यवस्थेनें घरांतील बाईच्या हातून काय काढून घेतलें, तेंही पाहण्यासारखें आहे. हिंदुस्थान सरकारनें नेमलेल्या ग्रेगरी समितीनें १९४३ मध्यें असें सुचविलें होतें कीं, शहरांत प्रौढ माणसास रोज एक पौंड, म्हणजे सुमारें ३९ तोळे, धान्य मिळावें. त्यांतून साधारण १६०० कॅलरी शरीराला मिळतात. लहान मुलांना त्याहून कमी, आणि अंगमेहनतीचें जड काम करणाऱ्यांना जादा. धान्य आठवड्याच्या हिशेबानें मिळे. कोणतें मिळेल हें दुकानदाराच्या फळीवर लिहिलेलें असे. तांदूळ खाणाऱ्या घरानें ह्या आठवड्यांत गहूं, पुढच्या आठवड्यांत ज्वारी नेली, तर तो घराचा प्रश्न. नियमाबाहेर धान्य घरांत ठेवणें हा गुन्हा झाला. काल जिला बेगमी म्हणत, तिलाच आज साठेबाजी हें नांव मिळालें. गृहिणीच्या हातांतलें काम तेंच होतें. तिच्या शहाणपणाचा अर्थ मात्र सरकारी हुकुमानें उलटा झाला. वर्षाचा अंदाज बांधणारी बाई सात दिवसांचा अंदाज बांधावयास नव्यानें शिकली, आणि पोटमाळ्यावरचे डबे रिकामे वाजूं लागले.

जड काम कोणतें, हें ठरविणाऱ्या कागदांत गिरणी आणि गोदी यांना जागा होती. पहांटे नळावर रांग लावून दोन जिने पाणी चढविणें, दुपारीं धान्याच्या रांगेंत उभें राहणें, निवडणें, दळून आणणें आणि दोन्ही वेळां चुलीपुढें बसणें हें त्यांत नव्हतें. कार्डावर गृहिणी ही साधी प्रौढ व्यक्ति होती. शिवाय घरांतील रीत अशी कीं पुरुष आणि मुलें आधीं बसावयाचीं. पूर्वीं कणगी भरलेली असतांना शेवटच्या पानावर वाढणें कमी पडलें तर उठून मूठभर पीठ आणखी मळतां येई. रेशनच्या घरांत तें पीठ पुढच्या दिवसाचें असे. तेव्हां घराचा हिशेब जेथें जुळत नसे, तेथें तो बहुधा तिच्या ताटांत जुळविला जाई. त्या काळच्या काटकसरीचें कौतुक करतांना हा आंकडा कोणत्याच वहींत सांपडत नाहीं.

अशा घरांत दिवाळी येई. मराठी फराळाची घडण पाहिली तर तो जणुं टंचाईला तोंडघशीं पडण्यासाठींच रचलेला आहे. करंजीला रवा आणि साखर, चकलीला भाजणी आणि तेल, अनारशाला तीन दिवस भिजविलेला तांदूळ, चिरोट्याला मैदा आणि तूप, चिवड्याला पोहे. म्हणजे रेशनवर मोजून मिळणाऱ्या जिनसा नेमक्या सगळ्याच. १८७५ सालीं निघालेल्या ‘सूपशास्त्रा’पासून १९१० सालच्या लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्रा’पर्यंत मराठींत पाककृतींचीं पुस्तकें झालीं होतीं, आणि ‘गृहिणी-मित्रां’त तर हजार कृति होत्या, पण अर्ध्या साखरेंत करंजी कशी साधावी, हें सांगण्याची पाळी त्या पुस्तकांवर आली नव्हती. तें घरोघर शोधून काढावें लागलें. सारणांत साखरेच्या जागीं गूळ गेला, खोबऱ्याच्या जागीं भाजलेल्या दाण्यांचें कूट गेलें. डाळ्याचें पीठ आणि गूळ यांचे लाडू, एरवीं मुलांच्या खाऊचे, ताटांत बेसनाच्या लाडवांच्या मानाला बसले. अनारसे पुष्कळ घरांतून नाहींसेच झाले.

तुपाची गोष्ट निराळी. डालडा १९३७ पासून बाजारांत होता, पण चांगल्या घरांत त्याचा डबा पुढें दिसणें कमीपणाचें वाटे. युद्धाच्या महागाईनें तो संकोच मोडला. करंज्या तळावयाच्या तर वनस्पति तुपांत, आणि वरण-भातावर धार मात्र घरच्या कढविलेल्या तुपाची, अशी तडजोड पुष्कळांनीं केली. वनस्पति तुपावर बंदी घालावी कीं काय, हा वाद पुढें संसदेपर्यंत पोंचला. तोंवर त्याचे रिकामे पिवळे डबे घराघरांतून तांदूळ, डाळ, मेतकूट यांना जागा देत स्थिरावले होते.

दिव्यांचें तर काय सांगावें? युद्धाच्या पहिल्या वर्षांत मुंबईंत दिवे झांकण्याचे हुकूम होते. सणासाठीं तेल वेगळें निघत नव्हतें. आकाशकंदील घरींच कामट्या बांधून आणि पातळ कागद चिकटवून होत असल्यामुळें तो टिकला. आंत पणती ठेवावयाची कीं नाहीं, हें त्या वर्षीच्या हुकुमावर ठरे.

नरकचतुर्दशीच्या पहांटेचें स्नान हा खऱ्या थंडीचा आरंभ. त्यासाठीं ऊन पाणी हवें, आणि ऊन पाण्यासाठीं जळण. वाड्यांतून तांब्याचा बंब असे; चाळींत एका पातेल्यावर सगळ्यांचीं स्नानें उरकावयाचीं. लांकूड आणि कोळसा दोन्ही महाग झाल्यावर भुशाच्या शेगडीला भाव आला. ती घरीं करतां येई. तेलाचा रिकामा डबा घ्यावयाचा आणि त्याच्या बुडाशीं एका अंगास भोंक पाडावयाचें. आंत मधोमध बाटली उभी धरून भोंकांतून एक दांडकें तिला भिडवावयाचें, आणि भोंवतालीं सुताराकडून आणलेला लांकडाचा भुसा ठोकून ठोकून भरावयाचा. मग बाटली हलकेच फिरवीत वर काढावयाची आणि दांडकें ओढून घ्यावयाचें. उरलेल्या पोकळींतून वारा खेळे. खालून विस्तव दिला कीं भुसा आंतून बाहेर सावकाश जळत जाई आणि एका भरण्यांत सकाळचा सर्व स्वयंपाक होऊन वर स्नानाचें पाणी तापे. भुसा सैल भरला तर सगळा ढीग आंत कोसळे आणि जिन्यापर्यंत धूर होई, म्हणून भरण्याचें काम घरांतील एखाद्या धिमेपणानें वागणाऱ्या माणसाकडे असे. ज्यांना परवडे त्यांच्याकडे इकमिक कुकर होता. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० मध्यें काढलेल्या त्या यंत्रांत एकावर एक डबे रचून खालीं थोडे निखारे ठेवले कीं वरण, भात, भाजी हीं एका जळणांत शिजत. दोन नोकऱ्या करणाऱ्या बिऱ्हाडकरूंना तो विशेष मानवला. जुन्या चुलीचा वैलही, ज्यावर केवळ वाया जाणाऱ्या आंचेनें दूध तापे, काटकसरींत ह्या नव्या साधनांना हार जाणारा नव्हता; पण चाळीच्या खोलींत चूल घालणार कोठें?

पांघरुणाचा प्रश्न मात्र बाजाराशिवाय सुटे. नऊवारी लुगडें जुनें झालें कीं तें आधीं मधल्या भागांत विरे. तो भाग कापून टाकून दोन्हीकडचे धड तुकडे जोडणें ह्याला दंड घालणें म्हणत. दंड घातलेलें लुगडें नेसून बाहेर जाणें पूर्वीं गरिबीचें लक्षण मानीत. १९४३ मध्यें कापडावर आणि सुतावर नियंत्रण आल्यावर तें सरसकट झालें. दंडाचें लुगडेंही विरलें कीं त्याची घडी गोधडींत जाई. चारपांच थर पसरावयाचे, धोतराच्या पानाचा अस्तर घ्यावयाचा आणि कडेपासून आंत आंत धावदोरा घालीत जावयाचें. एक गोधडी पुरी होण्यास दुपारचे कित्येक दिवस लागत, आणि चाळींत तीं कामें एकत्र बसून होत. विकतच्या रजईंत कापूस असतो तरी जुन्या सुती थरांची ऊब तिला येत नाहीं, असें म्हणणारीं माणसें अजून आहेत. त्यांत आठवणीची ऊब किती आणि सुताची किती, हें सांगणें कठीण.

घर नीटनेटकें करण्याचें कामही दिवाळीच्या आधींचें. खेड्यांत पावसानें खचलेल्या भिंतींना माती लिंपणें, पोतेरें फिरविणें, अंगण चोपून शेणानें सारवणें हें सर्व घरच्या हातांनीं आणि घरच्या मालांत होई. शहरांत चुना विकत घ्यावा लागे, आणि तो कोणी घ्यावयाचा, हाच वाद. मुंबई इलाख्यांत भाडें वाढूं नये म्हणून युद्धकाळांत निर्बंध आले आणि १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें तें १९४० च्या पातळीशीं बांधलें गेलें. भाडेकरू वांचला. पण ज्या घरमालकाला त्याच भाड्यांत राहावें लागलें, त्यानें रंगसफेतीकडे आणि पुढें पुढें छपराकडेही पाठ फिरविली. तेव्हांपासून आपल्या खोलीपुरता चुना आपण लावावयाचा, हा चाळींतला अलिखित करार झाला. दोन भाऊ किंवा बाप-लेक सुटीच्या दिवशीं मुंडासें बांधून चुन्याची बादली घेऊन चढत. चुन्यांत थोडी नीळ आणि गोंद घातला कीं भिंत अंगाला लागत नाहीं, एवढें ज्ञान सगळ्यांस होतें. भिंतींत दोन खुंट्या ठोकून टाकलेली एक फळी, मोरीला घातलेला सिमेंटचा एक हात, दारावर एक पोटमाळा, ह्यापलीकडे गृहसुधारणा जात नसे. पण त्या एका फळीनें ओट्यावरची गर्दी किती कमी झाली, हें ती वापरणाऱ्या बाईलाच ठाऊक. वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाईल रोड येथें १९२० नंतर सरकारनें उठविलेल्या २०७ इमारतींत तर एका खोलीलाच घर म्हणावयाचें होतें. तेथील संसार उभा राहिला तो भिंतींवर.

दिवाळीनंतर खरी मौज आहे. जो फराळ रेशनमुळें कुचंबला, त्याच्या पाठोपाठ येणारे हिंवाळ्याचे सण मात्र बऱ्याच अंशीं तग धरून राहिले. ह्याचें कारण त्यांच्या पानांत आहे. चंपाषष्ठीला वांग्याचें भरीत आणि बाजरीचे रोडगे. धनुर्मासांत सूर्य उगवतांना उरकावयाचें जेवण म्हणजे मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी. भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि पावटे, वांगीं, गाजरें, हरभरे, बोरें असें जें हातीं येईल त्याची मिसळीची भाजी. ह्या सणांनीं राजवाड्यांतल्या खजिन्याकडे पाहिलेलें नाहीं. ज्या हंगामांत जें मुबलक, तेंच देवाला दाखवावयाचें, ही शेतकऱ्याची युक्ति त्यांत आहे. भाजीपाल्याला रेशन नव्हतें. त्यामुळें तांदळाच्या दाण्यादाण्याचा हिशेब चालला असतांही भोगीची भाजी जुन्याच रंगाची होई. बाजरी दुकानांत मिळेल त्या आठवड्यावर अवलंबून असे, आणि लोण्याचा गोळा लिंबाएवढा होई, ही गोष्ट वेगळी.

संक्रांतीला गुळाची टंचाई बोंचे. तिळांत जवळजवळ अर्धा भाग तेल असतें, त्यामुळें थंडींत ते अंगाला मानवतात. पण त्यांना बांधावयास गूळ पाहिजे, आणि गूळही नियंत्रणांत सांपडला होता. काटेरी हलव्याला साखरेचा पाक घालीत तासन् तास परात हालवावी लागते. तो हलवा पहिल्या संक्रांतीच्या सुनेसाठीं किंवा बाळाच्या बोरन्हाणासाठीं तेवढा झाला. एरवीं वड्यांत दाण्याचें कूट वाढत गेलें. हळदीकुंकवाला वाण लुटावयाचें तर पितळेचें भांडें घेणें अवघड. बोरें, उंसाचे करवे आणि ओंजळभर ओला हरभरा ह्यांवर सुवासिनींची ओटी भरली.

युद्ध संपलें तेव्हां लोकांना वाटलें, आतां जुने दिवस येतील. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदींत दारूगोळ्याचें जहाज फुटून जी आग लागली, तींत धान्याचीं कोठारेंही जळालीं होतीं. तसले आघात आतां नाहींत, असा तो हिशेब. प्रत्यक्षांत १९४६ च्या फेब्रुवारींत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनीं नभोवाणीवरून जें भाषण केलें, त्यांत रेशन रोज १६ औंसांवरून १२ औंसांवर येत असल्याचें सांगितलें. बारा औंस म्हणजे सुमारें २९ तोळे धान्य आणि जेमतेम १२०० कॅलरी. युद्धाच्या ऐन भरांतही जें झालें नव्हतें, तें शांततेच्या पहिल्या हिंवाळ्यांत झालें.

१९४७ च्या अखेरीस गांधीजींनीं दिल्लीच्या प्रार्थनासभांतून नियंत्रणें उठविण्याचा आग्रह धरला. नियंत्रणांमुळें माणूस लबाड आणि परावलंबी होतो, असें त्यांचें म्हणणें होतें. डिसेंबरांत साखरेवरचें नियंत्रण गेलें, धान्याचें सैल होऊं लागलें. त्या पौषांत पोटमाळ्यावरचे डबे कित्येक वर्षांनीं खालीं उतरले, पुसले गेले. पण भावही उतरावयाच्या ऐवजीं चढले, आणि ज्यांच्या हातांत एकदम पैसे होते त्यांचेच डबे भरले. १४ जानेवारी १९४८ च्या संक्रांतीला दिल्लींत गांधीजींच्या उपवासाचा दुसरा दिवस होता. महिना संपण्यापूर्वीं ते राहिले नाहींत. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत सरकारनें नियंत्रणें पुन्हा आणण्याचें ठरविलें, आणि दिवाळीच्या सुमारास रांगा होत्या तेथें आल्या.

त्या शेवटीं उठल्या १९५४ सालीं, रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असतांना. बेगमी पुन्हा सुरू झाली, पण पूर्वीची नव्हे. वर्षाची नसून चार महिन्यांची, पुढें महिन्याची. भुशाची शेगडी आणखी कांहीं वर्षें टिकली. गोधडी अधिक टिकली. आणि रेशनचें कार्ड तर गेलेंच नाहीं. साठाच्या दशकांतील टंचाईंत त्याला पुन्हा महत्त्व आलें, आणि राहत्या जागेचा पुरावा म्हणून तें कपाटांतल्या महत्त्वाच्या कागदांत जाऊन बसलें. त्या कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून रीतीप्रमाणें घरांतील कर्त्या पुरुषाचें नांव पडे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें तें बदललें. शिधापत्रिकेपुरती घरांतील सर्वांत वडील, अठरा वर्षांवरील स्त्री ही कुटुंबप्रमुख समजावी, असें त्यांत लिहिलें गेलें. मुंबईंतील पहिल्या रांगेला तेव्हां सत्तर वर्षें झालीं होतीं.